दुकानाचं वार्षिक नियोजन

२०२५ च्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरातून पहिल्यांदा प्रवासी रेल्वे सुटली. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली, तेव्हा मी शाळेत होतो. आता माझ्या हाताखालून दहावीच्या वीस तुकड्या बाहेर पडल्या, आणि परळीपर्यंतचं काम अजून व्हायचंच आहे.

त्या संध्याकाळी मी भाईजानच्या दुकानावर गेलो. आमचं गादी-रजईचं दुकान आहे. आमचं म्हणायचं, पण तिथं बसतात भाईजान आणि त्यांचा मुलगा. रस्त्यावरून ढोल-ताशे चालले होते. भाईजान म्हणाले, "अब लोगां गाद्या लेने नगर को जाते." पुतण्या म्हणाला, "तो आपन माल नगर से लाएंगे अब्बा, भाडा बचेगा." भाईजान म्हणाले, "देखेंगे." मग चहा आला. पुढच्या दहा वर्षांत या दुकानाचं काय होणार, हा विषय अर्ध्या कप चहात संपला.

यात भाईजानचा दोष आहे असं मला म्हणायचं नाही. आपल्या बहुतेक दुकानांत हेच चालतं. सकाळी शटर वर, रात्री शटर खाली, गल्ल्यात काय आलं तेवढं मोजायचं. त्यातूनच घरची भाजी, त्यातूनच पोराची फी, त्यातूनच उद्याचा माल. महिन्याला किती उरलं हे कुणी विचारलं तर उत्तर येतं, "अल्लाह का शुक्र है, चल रहा है." शुक्र मानलाच पाहिजे, पण तो हिशेबाचा आकडा नाही.

बी.एड.ला असताना आम्हाला सगळ्यात कंटाळवाणं काम वाटायचं ते नियोजन लिहिण्याचं. आधी वार्षिक नियोजन, मग घटक नियोजन, मग रोजचं पाठ टाचण. आणि प्रत्येक टाचणावर उद्दिष्ट आणि त्याचं स्पष्टीकरण. आमचे सर ध्येय आणि उद्दिष्ट यांत फार काटेकोर होते. 'विद्यार्थ्याला भाषेची गोडी लागावी' हे ध्येय. 'विद्यार्थी दिलेल्या उताऱ्यातील विशेषणे ओळखतो' हे उद्दिष्ट. पहिलं चांगलं आहे, पण ते झालं की नाही हे कुणी तपासू शकत नाही. दुसरं तासाच्या शेवटी तपासता येतं. तेव्हा आम्ही पोरं हसायचो. आज मी ज्या ज्या दुकानदाराशी बोलतो, त्याच्याकडे ध्येय असतंच: दुकान मोठं व्हावं, मुलांना त्रास पडू नये, हजला जाता यावं. उद्दिष्ट मात्र एकाकडेही नसतं. कोणत्या वर्षापर्यंत, किती, आणि त्यासाठी येत्या सहा महिन्यांत काय, हे विचारलं की माणूस माझ्याकडे असं बघतो जणू मी गैबची गोष्ट विचारली.

भाईजाननं तर मला सरळ सुनावलं, "तेरी तनखा एक तारीख को आती है, तू बना प्लॅन." (एक तारखेला येत नाही, पण येते.) टोमणा बरोबर आहे. मी दुकानातून निसटलेला माणूस आहे आणि निसटलेल्यानं बसलेल्याला शिकवू नये. तरी लिहितो, कारण माझ्या वर्गातली निम्मी मुलं शेवटी कुठल्या ना कुठल्या दुकानाच्या फळीवरच बसणार आहेत. आमच्या समाजाच्या शैक्षणिक मेळाव्यांत एमपीएससी आणि एमबीबीएस यांच्याखाली कुणी बोलत नाही. पण बागवान, तांबोळी, मणियार, आतार, मोमीन, कुरेशी, शिकलगार, आणि आम्ही पिंजारी, ही नावंच मुळी धंद्यांची आहेत. २००६ च्या सच्चर समितीनंही हेच नोंदवलं होतं की मुसलमान पगारी नोकरीत कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त आहेत, आणि बँकेच्या कर्जात त्यांचा वाटा मात्र लोकसंख्येच्या मानानं तोकडा आहे. जिथं आपली एवढी माणसं आहेत, त्या जागेबद्दल आपण एका जलशातही बोलत नाही.

अब्बा खांद्यावर कमान टाकून गावोगाव फिरायचे. कमानीच्या तातेचा आवाज आला की बायका जुन्या गाद्या बाहेर काढायच्या. मग पिंजणाचं यंत्र आलं, अब्बांनी ते घेतलं आणि फिरणं बंद झालं. मग फोमच्या गाद्या आल्या. प्रत्येक बदल आमच्या दारात येऊन उभा राहिल्यावरच आम्हाला दिसला. यंत्राच्या वेळी अब्बा वेळेवर सावरले, ते नशीब. फोमच्या वेळी सावरले नाहीत. "ये स्पंज कौन लेता," असं ते म्हणत राहिले आणि लग्नाच्या रुखवतात एकेक करून स्पंजच दिसू लागला.

बीडला असं आधीही झालंय. निजामाच्या काळातल्या गॅझेटियरात बीडची ओळख सांगितलीय ती इथल्या छागलींची आणि गुप्त्यांची. छागल म्हणजे चामड्याची पाण्याची पिशवी. प्रवासाला निघालेला माणूस ती बरोबर घ्यायचा आणि पाणी गार राहायचं. आज माझ्या वर्गात छागल म्हणजे काय हे विचारलं तर एकही हात वर येत नाही. धातूचे फिरकीचे तांबे आले, थर्मास आला, मग प्लॅस्टिकची बाटली. यात कुणाचा गुन्हा नाही. पण मला राहून राहून वाटतं, चामडं शिवण्याचं ते कसब तर बाटलीनं हिरावलं नव्हतं. गिऱ्हाईक छागल मागेनासं झालं, शिवण मागेनासं झालं नव्हतं. कोल्हापूरकडच्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आज तिच्या नकलेवरून इटलीच्या कंपनीशी वाद घालता येतो. आमच्या छागलीवर वाद घालायला छागलच उरली नाही. आपण काय विकतो आणि आपल्याला काय येतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुकानाचं लांबचं नियोजन दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करावं असं माझं मत आहे. भाईजानना कापूस येतो. कोणता कापूस दबतो, कोणता फुलतो, किती किलोत दुहेरी गादी भरते, जुन्या गादीतला किती टाकायचा आणि किती वाचवायचा, हे त्यांच्या बोटांत आहे. फोम दहा वर्षांनी बसतो तेव्हा तो फेकावा लागतो, कापूस पुन्हा पिंजता येतो. हे गिऱ्हाइकाला कुणी सांगितलं? आम्ही तर नाही सांगितलं.

"आगे का किसको मालूम" हे वाक्य बाजारात फार ऐकू येतं. सगळं मालूम नसतं, कबूल. पाऊसच घ्या. याच सप्टेंबरात अतिवृष्टीनं मराठवाड्यातली पिकं वाहून गेली. भाईजानच्या उधारीच्या वहीत नावांपुढं तारखा नसतात, 'सोयाबीन आल्यावर', 'कापूस निघाल्यावर', 'उचल मिळाल्यावर' असं लिहिलेलं असतं. यंदा सोयाबीन आलंच नाही, तर ती पानं कोरीच राहणार. तो भाग कुणाच्या हातात नाही. पण पुढचं पुष्कळसं ठरलेलं असतं आणि आपल्यालाच ते सगळ्यांत आधी ठाऊक असतं. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघणार, लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणार, पाडव्याच्या आसपास परतणार. म्हणजे निघण्याआधी उचलीचा पैसा बाजारात येतो आणि नंतर चार-पाच महिने गावंच्या गावं रिकामी असतात. हे दरवर्षीचं आहे. तरी दरवर्षी जानेवारीत दुकानदार म्हणतो, "यंदा धंदाच नाही."

दुसरं ठरलेलं म्हणजे आपलं कॅलेंडर. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तेहतीसएक वर्षांत पूर्ण फेरी मारतो. आपण हे मुलांना दीनियातमध्ये शिकवतो, दुकानात वापरत नाही. २००४, २००५ आणि २००६ ही सलग तीन वर्षं ईद आणि दिवाळी दोन-चार दिवसांच्या अंतरानं आल्या. सणाआधी गाद्या पिंजून घेण्याची पद्धत दोन्हीकडे आहे. पहिल्या वर्षी अब्बांनी दोन्ही मोहल्ल्यांतून कामं घेतली आणि पूर्ण करता आली नाहीत. काही गाद्या ईदनंतर गेल्या, काही लक्ष्मीपूजनानंतर. शिव्या खाल्ल्या. ते समजू शकतो. पण दुसऱ्या वर्षी तेच झालं आणि तिसऱ्या वर्षीही. दोन कारागीर आधी सांगून ठेवायचे, कापूस भादव्यातच भरायचा, एवढंच करायचं होतं.

मी एका रविवारी बसून पुढच्या तारखा काढल्या. चंद्रदर्शनावर एखादा दिवस इकडेतिकडे होईल. २०१७ ते २०२२ या वर्षांत रमजान एप्रिल ते जूनच्या दरम्यान येत होता, त्यामुळे आपल्याकडची लग्नसराई कापली जायची, वर दोन वर्षं लॉकडाऊन. आता पुढची वीसेक वर्षं रमजान एप्रिल-मेमध्ये येणार नाही. लग्नाच्या गाद्यांचा हंगाम मोकळा झालाय. २०३० मध्ये एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा लागेल, जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. पुढं दोन-तीन वर्षं तो नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे ऐन रजईच्या दिवसांत. रोज्यात कापूस पिंजणं काय असतं ते मी अब्बांना मे महिन्यात खोकताना पाहिलंय. थंडीचा दिवस लहान, तहान कमी, पण काम मात्र तेव्हाच जास्त. तेव्हा किती माणसं लागतील? आणि २०३७, २०३८, २०३९ ला ईद आणि दिवाळी पुन्हा गळ्यात गळा घालून येतील. माझा पुतण्या आज बावीसचा आहे. तेव्हा गल्ल्यावर तो असेल.

तवक्कुलचा विषय काढल्याशिवाय ही चर्चा आपल्यात पुरी होत नाही. उंट आधी बांधायचा आणि मग अल्लाहवर सोडायचा, ही शिकवण लहान पोरालाही पाठ आहे. आपल्याकडे उंट मोकळा असतो आणि तवक्कुल पक्का. वर आणखी एक दुसरं टोक आलंय. मोबाईलवरचे सूटबूटवाले, सहा महिन्यांत करोडपती करणारे. पुतण्या ते रात्री दोनपर्यंत पाहायचा. त्यानं एकदा मला 'व्हिजन' लिहून दाखवलं होतं: पाच वर्षांत पाच शाखा. मी विचारलं, या एका शाखेत गेल्या महिन्यात नफा किती झाला? त्याला सांगता आलं नाही. अब्बांनाही आलं नसतं, पण अब्बा पाच शाखा म्हणत नव्हते.

लांबचं काही आपण करतच नाही असंही नाही. भिशी बघा. वीस माणसं, वीस महिने, व्याज नाही, नंबर आला की रक्कम हातात. माझ्या माहितीत लोकांनी घरचा चहा बंद केला पण भिशीचा हप्ता चुकवला नाही. का? कारण वहीत नाव लिहिलेलं असतं आणि एकोणीस माणसं बघत असतात. म्हणजे शिस्त आपल्याला येते. फक्त भिशीची रक्कम लग्नात किंवा मोटारसायकलमध्ये जाते, यंत्रात जात नाही. आणि ज्यांनी थोडं जास्त साठवलं, त्यांनी ते व्याजाच्या लोभानं असो की घराजवळची शाखा म्हणून असो, पतसंस्थांत टाकलं. २०२३-२४ मध्ये आपल्या जिल्ह्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. भाईजानचेही अशाच एका संस्थेत अडकले. नाव घेत नाही, घेऊन पैसे परत येत नाहीत. तेव्हापासून ते म्हणतात, साठवायचंच कशाला. या माणसासमोर दहा वर्षांची भाषा करताना माझीच जीभ अडखळते.

पण खरी गाठ वेगळीच होती, आणि ती आमच्या घरातली होती.

पुतण्याला नवं यंत्र घ्यायचं होतं. बँकेत गेला. त्यांनी जागेचे कागद मागितले. जागा अजून अब्बांच्या नावावर आहे. अब्बांच्या इंतकालाला नऊ वर्षं झाली. पीआर कार्डावर आमची नावं चढवायची तर भाईजान, मी आणि दोघी बहिणी, चौघांच्या सह्या हव्यात. सह्या म्हटलं की हिस्से आले. हिस्से म्हटलं की घरात शांतता पसरते. भाईजान नऊ वर्षं दुकान चालवतायत, मेहनत त्यांची. जागा चौघांची. भाड्याचं काय, मेहनतीचं काय, दुकानात आज जो माल आहे त्यात अब्बांचा किती आणि भाईजानचा किती, यातलं काहीच कधी लिहिलं गेलं नाही. मी एकदा विषय काढला तर भाभी म्हणाली, "भाई-भाई में क्या लिखना? लोगां क्या बोलेंगे?"

कुरआनमधली सगळ्यात लांब आयत कोणती, हे मी वर्गात विचारतो. सूरह बकराची २८२ वी. नमाजाबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही. मुदतीचा व्यवहार केला तर तो लिहून ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, साक्षीदार घ्या, याबद्दलची ती आयत आहे. ज्या समाजाच्या किताबात सगळ्यात जास्त जागा व्यवहार लिहिण्याला दिलीय, त्या समाजात लिहिणं म्हणजे अविश्वास समजला जातो. जुम्याच्या बयानात या एका आयतीवर वर्षातून दोनदा तरी बोलावं, अशी माझी इमाम साहेबांना विनंती आहे. लेकींच्या हिश्शाबद्दलही बोलावं. भावानं दुकान चालवलं म्हणून बहिणीचा हिस्सा आपोआप विरघळत नाही. तो न देता केलेलं नियोजन कितीही सुंदर असलं तरी त्याच्या पायात ती बेडी राहणारच. बँकेला ती दिसते, आपल्याला दिसत नाही.

हमदर्दचं उदाहरण मला इथं आठवतं. १९०६ साली जुन्या दिल्लीत हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी सुरू केलेला एक छोटा दवाखाना. १९०७ मध्ये त्यांनी रूह अफजा काढलं. १९२२ मध्ये ते गेले, तेव्हा थोरला मुलगा अब्दुल हमीद जेमतेम चौदा वर्षांचा. कारभार सावरला तो राबिया बेगम यांनी, मुलाला हाताशी धरून. पुढं १९४८ मध्ये हकीम अब्दुल हमीद यांनी सगळा धंदा वक्फ केला, म्हणजे वारसांत तुकडे होण्याचा प्रश्न राहिला नाही आणि नफा शिक्षण-आरोग्याकडे वळला. आमच्या गादीच्या दुकानाला वक्फ करायची गरज नाही. पण मालक मेल्यावर काय, याचं उत्तर मालक जिवंत असतानाच लागतं, एवढं त्यातून घेता येईल. आणि घरातल्या बाईला हिशेब माहीत असला पाहिजे, हेही. माझ्या भाभीला गल्ल्याची चावी कुठं असते ते माहीत आहे, उधारी किती आहे ते माहीत नाही.

तर गेल्या महिन्यात मी शाळेतून एक कोरी दोनशे पानी वही नेली. पुतण्यानं लिहिलं, मी सांगितलं, भाईजान गिऱ्हाईक बघत बघत मधूनच बोलले. पहिली गोष्ट पाच शाखांची नव्हती. पहिली गोष्ट ही की एक तारखेपासून भाईजान गल्ल्यातून ठरावीक पगार घेणार, महिन्याचा, आणि घरखर्च त्यातूनच. भाभीला हे फार आवडलं. म्हणाली, "अब मेरे को भी मालूम होंगा कित्ता आता." दुसरी, नवी उधारी फक्त तारीख आणि फोन नंबर लिहूनच. जुनी एक लाख ऐंशी हजारांची आहे, त्यातली किती सोडून द्यायची ते पाडव्यानंतर, टोळ्या परतल्या की ठरवायचं. यंदा ज्याचं शेत गेलं त्याच्या दारात जायचं नाही, हे भाईजाननी स्वतःहून सांगितलं. तिसरी, जुनी गादी घरून नेऊन पिंजून परत पोचवायची. त्याचा दर पाटीवर लिहायचा, वसतिगृहं आणि मंगल कार्यालयांत पुतण्यानं स्वतः जाऊन विचारायचं. २०२८ च्या लग्नसराईपर्यंत निम्मं उत्पन्न या कामातून आलं पाहिजे. भाईजानना आकडा जास्त वाटला. पुतण्याला कमी. निम्मं ठेवलं.

चौथ्या ओळीवर फक्त 'जागा' असं लिहिलंय. पुढं रिकामं आहे. बडी आपा जालन्याहून सुट्टीत येणार आहे, छोटीशी फोनवर बोलणं झालंय. माझा हिस्सा भाड्यापोटी काही घेणार नाही असं मी म्हणालो, तर भाईजान रागावले, म्हणाले तुझं उपकार म्हणून नको, लिही जे असेल ते. हे ऐकून मला बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

शेवटच्या पानावर पुतण्यानं रमजानच्या तारखा उतरवल्या, २०२६ पासून पुढं. ३७ पर्यंत आल्यावर भाईजान चष्मा काढून बघत राहिले. मग म्हणाले, "लिख, पर पेन्सिल से. चाँद का क्या भरोसा."